पेडल बॉक्स घरी बसवायचा: काम दहा मिनिटांचं, थांबणं अर्ध्या तासाचं

सुरुवातीलाच सांगून टाकतो, नंतर शिव्या नकोत. पेडल बॉक्स, म्हणजे ॲक्सिलरेटर पेडलचा सिग्नल वाढवून सांगणारा छोटा इलेक्ट्रॉनिक डबा, लावून गाडीची ताकद अर्ध्या हॉर्सपॉवरनेही वाढत नाही. माझ्याकडे सेकंडहँड घेतलेली २०१७ ची ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० आहे, दोन लिटर टर्बो पेट्रोल, २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर, सहा गिअरची डीएसजी (दोन क्लचची ऑटोमॅटिक), आणि बॉक्स लावायच्या आधी पण २३० आणि नंतर पण २३०. फरक पडला तो सिग्नलला. हिरवा झाला की पाय दाबायचा, गाडी क्षणभर विचार करत बसणार, मागचा रिक्षावाला हॉर्न मारणार, आपण वैतागून अजून दाबणार आणि मग एकदम सगळं येऊन डोकं हेडरेस्टला. त्या विचार करण्याच्या क्षणाचा मला कंटाळा आलेला, म्हणून हा उद्योग.

हे का होतं ते दोन मिनिटं समजून घ्या, कारण बसवताना काय बोंब होऊ शकते ते त्यातूनच कळतं. जुन्या मारुती ८०० मध्ये पाय दाबला की तार ओढली जायची आणि तार थेट कार्ब्युरेटरची झडप उघडायची, मधे कोणी नाही. बीएमडब्ल्यूने १९८० च्या दशकाच्या शेवटी ७ सिरीजमध्ये ती तार काढून टाकली आणि आता जवळपास सगळ्याच नव्या गाड्यांत पेडल म्हणजे एक अर्जाची खिडकी झालीय, तुम्ही पायाने अर्ज करता, किती मंजूर करायचा ते ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो. पेडलच्या आत दोन सेन्सर असतात, दोघांना वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय, वेगळी अर्थिंग आणि दोघांचे वेगळे सिग्नल, म्हणून कनेक्टरला ६ पिना. एका सेन्सरचं व्होल्टेज दुसऱ्याच्या साधारण निम्मं ठेवलेलं असतं आणि ईसीयू दोघांची साक्ष सतत ताडून बघतो. साक्ष जुळली नाही की पेडलवरचा विश्वास संपला, डॅशवर ईपीसीचा (इंजिन-थ्रॉटलच्या बिघाडाचा) पिवळा दिवा लागला आणि २३० पीएसची बैलगाडी झाली.

बॉक्स बसतो तो पेडल आणि ईसीयूच्या मधे. दोन्ही सिग्नल वाचतो, वाढवतो आणि दोघांमधलं प्रमाण न बिघडवता पुढे पाठवतो. समजा तुम्ही २० टक्के दाबलंत तर तो पुढे ३५ सांगणार, ५० ला ७० सांगणार, पण ० ला ० आणि १०० ला १०० च, त्याच्या पुढे सांगायला काही नाहीच. म्हणजे पेडल फ्लोअरला टेकवून शून्य ते शंभर मोजणाऱ्याला स्टॉपवॉचवर काही दिसणार नाही आणि टर्बो फिरायला लागणारा वेळ पण तेवढाच लागणार. जे मिळतं ते पेडलच्या पहिल्या एक तृतीयांश भागात मिळतं, आणि जो त्रास होतो तोही तिथेच होतो, ते पुढे सांगतो.

कंपनीने पेडल मऊ ठेवलंय ते काही झोपेत नाही ठेवलेलं. खड्ड्यात पाय हलला तर गाडीने उडी मारू नये, प्रदूषणाच्या आकड्यात गाडी बसावी, गिअरबॉक्सला धक्का बसू नये, अशी कारणं असतात. ती पटत असतील तर इथेच थांबा आणि पैशाचं पेट्रोल भरा.

घ्यायच्या आधी फुकटातला प्रयोग करून बघा. आठवडाभर ऑफिसला जाताना डीएसजी एस (स्पोर्ट) मध्ये टाकून चालवा, ड्राइव्ह मोड असतील तर स्पोर्ट लावून बघा. बऱ्याच गाड्यांत स्पोर्टमध्ये पेडलचा मॅप (किती दाबलं की किती द्यायचं ते गणित) पण तिखट होतो, तेवढ्याने भागलं तर बॉक्सची गरजच नाही. माझं भागलं नाही कारण एस मध्ये गिअर उगाच ताणून धरतो, कर्वे रोडला तिसऱ्या गिअरमध्ये ३००० आरपीएमवर रांगायची मला हौस नाही. आणि पुढेमागे रिमॅप (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलणं) करायचा विचार असेल तर आधी ट्यूनरशी बोला, बरेच जण पेडल मॅप पण बदलून देतात, त्यावर परत बॉक्स म्हणजे मिसळीवर लाल तिखट.

बॉक्स घेताना जर्मनीच्या डीटीईचा पेडलबॉक्स, ग्रीसचा स्प्रिंट बूस्टर, ऑस्ट्रेलियाच्या अल्टिमेट९ चा, अशी नावं दिसतील, तत्त्व सगळ्यांचं एकच. कुठलाही घ्या पण गाडीचं मॉडेल, साल, इंजिन आणि गिअरबॉक्स चारही सांगून घ्या, कारण हे इंजिनपेक्षा पेडलच्या कनेक्टरवर जुळतं. "सगळ्या फोक्सवॅगन-स्कोडाला हाच लागतो" असं कोणी म्हणालं तर नमस्कार करून बाहेर पडा. मी पहिला बॉक्स एका दुकानातून स्वस्तात उचललेला, दिसायला अगदी ब्रँडेड, पण प्लग आत जाताना टक् असा आवाजच येत नव्हता, नुसता ढिला बसायचा. दुकानदार म्हणे बसतो हो, थोडा जोर लावा. पेडलच्या कनेक्टरवर जोर लावायचा नसतो. परत केला, पैसे सोडून दिले, आणि दुसरा नीट घेतला.

सामान फार लागत नाही. डोक्याला लावायचा टॉर्च (मोबाईल तोंडात धरून काम करू नका, मी केलंय), सात-आठ झिप टाय, वायर गुंडाळायची कापडी टेप, सॅनिटायझर किंवा स्पिरिट, एक जुनी उशी आणि एक बोथट प्लॅस्टिकची पट्टी. जमत असेल तर गाडीचे फॉल्ट कोड वाचणारा स्वस्तातला ओबीडी स्कॅनर. बॅटरी काढायची का असं सगळे विचारतात, नको. बॅटरी काढली की काचांचं ऑटो जातं, घड्याळ जातं, दोनचार वेगळेच दिवे लागतात, आणि मग ईपीसी कशामुळे आणि बाकीचं कशामुळे ते शोधत बसा.

आता खरा मुद्दा, थांबण्याचा. चावी बंद केली म्हणजे गाडी झोपली असं नसतं. इंजिन बंद झाल्यावर पण कंट्रोल युनिट बराच वेळ जागी असतात, आणि ईसीयू जागा असताना पेडलचा प्लग उपटला तर दोन्ही साक्षीदार एकदम गायब, लगेच फॉल्ट नोंदला जातो. बॉक्सच्या कागदावर किती वेळ लिहिलाय तो बघा आणि तो पाळा, मी सरळ अर्धा तास देतो. बटण स्टार्टवाली गाडी असेल तर चावी घरात ठेवून या, खिशात ठेवलीत तर गाडी तुम्हाला ओळखत राहणार आणि झोपणारच नाही.

इथे एक गोची आहे. दार उघडलं की गाडी परत जागी होते, आणि दार न उघडता पेडलपर्यंत जाणार कसं. म्हणून आधी दार उघडायचं, सीट पूर्ण मागे घ्यायची, स्टिअरिंग वर करायचं, मॅट काढायची, काच पण खाली करून ठेवायची, आणि मग दाराच्या कडेला जे लॉकचं जबडं असतं ते स्क्रूड्रायव्हरने दोन वेळा टक टक करून बंद करायचं. दार उघडंच राहतं पण गाडीला वाटतं बंद झालं. आतला दिवा विझला की समजा जमलं, आता चावी घरात ठेवायची आणि चहा टाकायचा. काम झाल्यावर दार लावायच्या आधी बाहेरचं हँडल ओढून ते जबडं उघडायला विसरू नका, नाहीतर बंद जबडं जाऊन चौकटीवरच्या खुंटीवर आपटतं. माझा चहा संपला, काम संपलं, मी खुशीत दार ढकललं आणि असा ठण्ण आवाज आला की वॉचमन उठून उभा राहिला. खुंटीवर ओरखडा आहे अजून.

चहा झाला, आता पाय बाहेर, डोकं पेडलपाशी. उशी दाराच्या उंबऱ्यावर ठेवा, तो उंबरा बरगड्यांत घुसतो आणि पाच मिनिटांत वय कळतं. ऑक्टाव्हियाचं ॲक्सिलरेटर पेडल वरून लटकत नाही, खाली फ्लोअरला बिजागरी असते, आणि त्या काळ्या प्लॅस्टिकच्या खोक्याच्या वरच्या अंगाला प्लग असतो. हात लावायच्या आधी दोन फोटो काढा, वायर कुठून कशी जाते त्याचा एक आणि प्लगचा जवळून एक.

प्लगला दोन लॉक असू शकतात, एक सरकवायचं छोटं रंगीत आणि एक दाबायचं. आधी सरकवायचं, ते थोडं मागे येतं आणि थांबतं, पूर्ण निघत नाही, निघालं तर मोडलं म्हणून समजा. मग दाबायचं लॉक अंगठ्याने दाबून प्लग धरून ओढायचा, वायरला धरून कधीही नाही. निघत नसेल तर उलटं करा, आधी प्लग थोडा आत ढकला, म्हणजे लॉकवरचा ताण जातो, मग दाबा आणि ओढा. गाडी जुनी असेल तर धूळ बसून ते घट्ट होतं, तिथे लोखंडी स्क्रूड्रायव्हर घुसवायचा मोह होतो, तो आवरा आणि प्लॅस्टिकची पट्टी वापरा. त्या प्लॅस्टिकचा कान तुटला की प्लग पुढे आयुष्यभर झिप टायवर, आणि ॲक्सिलरेटरचा प्लग झिप टायवर हे काही बरं नाही.

निघाला की टॉर्च मारून आत बघा, ६ पिना सरळ आहेत ना, हिरवट गंज किंवा ओल नाही ना. आपल्याकडे जुलैत बुटाचं पाणी मॅटखाली महिनाभर असतं, त्यामुळे हे बघायचंच. मग बॉक्सच्या वायरचं एक टोक पेडलला आणि दुसरं गाडीच्या प्लगला, चुकून उलटं बसत नाही कारण एक नर एक मादी. दोन्हीकडे टक् ऐकू यायला हवा. ऐकू आला की हलकं ओढून बघा, मग सरकवायचं लॉक परत आत. हे झालं दहा मिनिटांचं काम.

पण जीव लावायचा तो पुढच्या भागात, वायर बांधण्यात. आता तुमच्या पायापाशी फूटभर जास्तीची वायर आणि दोन प्लगांचा गठ्ठा आलाय, आणि तो सुटून पेडलखाली आला तर काय होईल ते सांगायची गरज नाही. पेडलच्या मागे अडकला तर दाबलं जाणार नाही, पुढून अडकला तर वर येणार नाही. २००९ मध्ये टोयोटाने अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलावल्या त्या नुसती मॅट पेडलमध्ये अडकते म्हणून. वायर कापडी टेपने गुंडाळा, म्हणजे खडखडणार पण नाही, आणि डॅशखाली जी गाडीची मूळ जाड वायरिंग जाते तिला दर चार बोटांवर झिप टाय मारा. स्टिअरिंगच्या दांड्याला बांधायचं नाही, तो फिरतो. ब्रेकच्या दांड्याला तर अजिबात नाही. गुडघ्यापाशी एअरबॅग लिहिलेलं असेल तर त्या पॅनलवरून वायर नेऊ नका. झिप टायची शेपटी कापताना टोक धारदार राहतं, ते आतल्या बाजूला वळवा, नाहीतर पुढच्या वेळी फ्यूज बघायला हात घातलात की कळेल.

बांधून झालं की हाताने पेडल अगदी खालपर्यंत दाबून सोडा, दहा वेळा. ब्रेक दाबा. स्टिअरिंग वर-खाली, आत-बाहेर करून बघा, आणि इंजिन चालू केल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून परत टॉर्च मारा. कुठे काही ताणलं जात असेल तर सगळं सोडून परत बांधा. आणि मॅट, ती ७डी का काय म्हणतात ती गादीसारखी जाड, माझ्याकडे होती, खालून बिजागरी असलेल्या पेडलच्या वाटेत तिची कड येते. मी काढून टाकली, कंपनीची पातळ परत टाकली.

बटणांचा डबा मी स्टिअरिंगच्या उजवीकडे खाली चिकटवलाय, गाडी चालवताना दिसणार नाही आणि मित्रांचा हात पोचणार नाही अशा जागी. ओबीडीचं सॉकेट तिथेच खाली असतं, ते झाकू नका. चिकटवायच्या आधी सॅनिटायझरने जागा पुसा, डॅशवर जे चकचकीत पॉलिश मारतात त्यावर कुठलीच टेप टिकत नाही. मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीत पहिली टेप वितळून डबा लोंबकळत होता, तोही पेडलच्या दिशेने. आता टेप शिवाय एक झिप टाय मागून घेतलाय.

आता चावी आणा, दाराचं जबडं उघडा (वरचा ठण्ण आठवा), इग्निशन ऑन करा पण इंजिन चालू नको. ईपीसीचा दिवा लागेल, तो लागायलाच हवा, इंजिन चालू झाल्यावर गेला पाहिजे. बॉक्सचे दिवे दिसले की आधी कंपनीच्या सेटिंगवर (जिथे बॉक्स काहीच वाढवत नाही) ठेवा आणि मगच इंजिन चालू करा. ईपीसी गेला नाही तर घाबरून रेस करत बसू नका, बंद करा, परत अर्धा तास थांबा, दोन्ही प्लग काढून परत बसवा, दहातल्या नऊ वेळा प्लग अर्धवट बसलेला असतो. स्कॅनरवर पी२१३८ आला तर दोन साक्षी जुळत नाहीत, पी२१२२ किंवा पी२१२७ आला तर एखाद्या सेन्सरचं व्होल्टेज खाली पडलंय, म्हणजे परत प्लग नाहीतर पिन. कोड पुसला आणि परत आला तर बॉक्स काढून मूळ प्लग लावून बघा, तेव्हा येत नसेल तर बॉक्स परत करा. स्कॅनरच्या लाईव्ह डेटामध्ये ॲक्सिलरेटर पेडल पोझिशन डी आणि ई अशा दोन ओळी दिसतात, इंजिन बंद ठेवून पेडल हळूहळू दाबा आणि सोडा, आकडे झटके न खाता चढले पाहिजेत आणि सोडल्यावर पहिल्या आकड्यावरच आले पाहिजेत. माझ्या गाडीत पाय न ठेवता साधारण १५ च्या आसपास दाखवतो, शून्य नाही, ते तसंच असतं.

चालवायला पहिल्यांदा रविवारी सकाळी काढा, मोकळा रस्ता बघून. आणि सगळ्यात खालच्या सेटिंगपासून. सगळे लोक डबा उघडला की थेट स्पोर्ट प्लस लावतात, पहिली पाच मिनिटं रॉकेट वाटतं आणि मग स्वारगेटच्या ट्रॅफिकमध्ये मान दुखायला लागते. कारण जी ताकद आधी अर्ध्या पेडलवर यायची ती आता पहिल्या इंचात कोंबलीय, पाय नुसता ठेवला की झटका, काढला की झटका, बायको शेजारी बसून फक्त बघते. डीएसजी पण पेडल बघूनच गिअर ठरवते, तिला वाटतं साहेब घाईत आहेत, ती लगेच खालचा गिअर टाकते. माझी ओल्या क्लचवाली आहे म्हणून निदान सहन करते, पण १.२ वाल्या पोलो जीटी टीएसआयची सात गिअरची कोरड्या क्लचची डीएसजी असेल तर ट्रॅफिकमध्ये तिखट सेटिंग लावून इंच इंच सरकू नका, क्लच तापतो आणि खर्च आठवणीत राहतो. मी शहरात खालून दुसरी पायरी आणि ताम्हिणी घाटात गेलो तर एक वर, बस. पावसाळ्यात तर पूर्ण कंपनी सेटिंग, फक्त पुढची चाकं ओढणारी ३५० न्यूटन मीटरची गाडी ओल्या रस्त्यावर तशीही चाकं फिरवत असते.

आणि रिव्हर्स. हे कोणी सांगत नाही. बॉक्सला गिअर कळत नाही, त्याला फक्त पेडल कळतं, म्हणजे पार्किंगमध्ये मागे घेताना पण तो २० ला ३५ च सांगणार. बसवून दुसऱ्याच दिवशी बाबा म्हणाले जरा गाडी बाजूला घेतो, मी वर आंघोळीला. त्यांचा पाय वीस वर्षं वॅगनआरवर तयार झालेला, त्यांनी नेहमीसारखं दाबलं आणि देशपांडे काकूंच्या कढीपत्त्याची कुंडी गेली. कुंडीच गेली म्हणून बरं. काकूंना नवीन कुंडी, वर दोन किलो माती आणि बाबांचं तीन दिवस मौन. तेव्हापासून इंजिन बंद करायच्या आधी कंपनी सेटिंग, ही सवयच लावून घेतलीय, हात आपोआप जातो. काही बॉक्सला लॉकची सोय असते, गाडी वॉशिंगला, वॅलेला किंवा घरात दुसऱ्या कोणाला देताना ती वापरा, आणि ज्याला देताय त्याला तोंडी सांगा पण.

वॉरंटीत गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या, काढून न्यायचं आणि गप्प बसायचं हा उद्योग मला पटत नाही, इन्शुरन्सला पण बदल कळवून ठेवा, क्लेमच्या वेळी वाद नको. आणि गाडी खूप दिवस उभी राहत असेल तर महिन्यातून एकदा खाली डोकं घालून वायर बघा. आमच्या बिल्डिंगमध्ये उंदरांनी एका शेजाऱ्याची पार्किंग सेन्सरची वायर खाल्लीय, आणि उंदराला कापडी टेपची काही भीती नसते.